उन्हाची सवय

आमच्या पडवीच्या जमिनीवर चुन्याच्या चार रेघा आहेत. भिंतीपासून अंगणाकडे, एकीपुढे एक, हातभर अंतराने मारलेल्या. भिंतीजवळची आता जवळजवळ गेली. चौथी, अगदी कडेची, अजून दिसते, कारण तिच्यावर कुणाचा पाय पडत नाही. मुलगी विरारहून येते तेव्हा म्हणते, बाबा, ओलं फडकं फिरवलं तर जाईल की. जाईल, मला माहीत आहे. चुना कशाने जातो हे मला शिकवायला नको.

घोलवडच्या एका नर्सरीत मी अठ्ठावीस वर्षं चिकूची कलमं बांधली. मुळांसाठी खिरणीचं रोप पिशवीत वाढवायचं, मोठ्या चिकूच्या झाडाला मचाण करून ते फांदीच्या उंचीवर चढवायचं, दोघांची साल थोडी तासायची आणि जखमेला जखम लावून घट्ट बांधून टाकायचं. दोन-तीन महिन्यांत ती एक होतात. मग फांदी कापून कलम खाली आणायचं आणि झाडाखाली ठेवायचं. खरं काम इथून पुढे. सावलीतलं कलम एकदम उघड्या शेतात लावलं तर मरतं. त्याला उन्हाची सवय लावावी लागते, आणि आमच्याकडे त्याची रीत ठरलेली होती. जमिनीवर चुन्याने रेघा मारायच्या, सावलीकडून उन्हाकडे. चार दिवस पहिल्या रेघेवर, चार दिवस दुसऱ्या, असं करत पुढे. पानं मलूल झाली तरी मागे घ्यायचं नाही. शेवटच्या रेघेवर जे ताठ उभं राहील ते विकायचं. माझ्या हातचं कलम सहसा मेलं नाही. बागायतदार येऊन शेठला सांगायचे, त्या माणसाच्या हातची द्या. मला त्याचा माज होता, आणि माज म्हणूनच सांगतो.

माझी बायको त्याच नर्सरीत होती, पण आत. आत म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात. तिथे शोभेची झाडं असायची. नेचे, मनी प्लँट, पीस लिली, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचा कॅलेथिया, आणि आणखी काय काय. पाच-सहा बायका दिवसभर पिशव्या भरायच्या, पानं पुसायच्या, पाण्याचा फवारा मारायच्या. आम्ही बाहेरचे त्यांना ‘आतल्या’ म्हणायचो. त्यात थोडी चेष्टा होती आणि थोडा हेवाही, कारण एप्रिलात आमची टाळकी तापायची तेव्हा त्या जाळीखाली असायच्या. पण शोभेचं झाड माझ्या लेखी झाडच नव्हतं. झाड म्हणजे फळ देणारं, ते नाही तर निदान सरपण देणारं. नुसती पानं दाखवत कोपऱ्यात बसणाऱ्याला झाड कशाला म्हणायचं? हे मी तिला रोज ऐकवायचो. ती ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, “सगळ्यांनी फळंच द्यायची का?”

मुंबईची गिऱ्हाइकं मोटारी घेऊन यायची, हौसेने कुंड्या न्यायची आणि महिन्याभराने तेच झाड वाळलेलं घेऊन भांडायला परत यायची. शेठ त्यांना तिच्याकडे पाठवायचा. ती विचारायची, “घरात कुठे ठेवलं होतंत?” ते म्हणायचे, बाल्कनीत, आमच्याकडे छान ऊन येतं. मग ती त्यांना न रागावता समजावायची, की ही जंगलात मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी झाडं, यांना उजेड हवा, ऊन नको. तेच वाक्य मी जाळीच्या बाहेरून शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकणं आणि कानावर पडणं यात फरक असतो.

२०१४ साली आम्ही सरावलीच्या घराची शेणाने सारवायची पडवी सिमेंटची केली, आणि त्याच वर्षी तिने नर्सरीतली टाकाऊ झाडं घरी आणायला सुरुवात केली. टाकाऊ म्हणजे एका बाजूने करपलेली, गाडीत आडवी पडून मोडलेली, कुणी घेणार नाही अशी. शेठ म्हणायचा, उकिरड्यावर टाका. ती पिशवीत घालून घरी आणायची आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावायची. मी म्हणायचो, “भरला तुझा सरकारी दवाखाना.” ती म्हणायची, “तुम्हाला दाखल व्हायचं असलं तर सांगा. खाट रिकामी आहे.”

आमची पडवी पश्चिमेला. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर एक जुनी जांभूळ होती, तिची सावली दुपारनंतर पडवीवर यायची. बायकोचा सगळा दवाखाना त्या जांभळीच्या भरवशावर चालायचा. तरीही ती बादल्या सरकवत राहायची. होळीनंतर एक वीत भिंतीकडे, पावसाळा लागला की परत पुढे. सुट्टीच्या दिवशी तर तिला दुसरा उद्योगच नसायचा. जांभळीच्या पानांतून उन्हाचा एक कवडसा दुपारी कॅलेथियावर यायचा. तो यायच्या आधी ती बादली बाजूला घ्यायची आणि गेला की जागेवर आणायची. मी विचारलं, एवढ्याशा कवडशाने झाड मरतं का? म्हणाली, “मरत नाही. पण त्याला आवडत नाही.” झाडाला काय आवडतं हा विचार मी जन्मात केला नव्हता. मी मोठ्याने हसलो आणि दुसऱ्या दिवशी नर्सरीत सगळ्यांना सांगून हसवलं.

त्या बादल्यांत एकच झाड टाकाऊ नव्हतं, तो नेचा. तिने तो माहेराहून आणला होता, तलासरीकडच्या झरीहून. तिच्या भावाच्या घरामागे विहीर आहे, तिच्या आतल्या दगडांत तो उगवतो. ती पोर होती तेव्हा पाणी काढताना त्याच्याकडे बघायची म्हणे. इतर झाडांचं ती करायची. नेच्याजवळ नुसती बसायची.

२०१६चा पाऊस सरता सरता तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. “काम करत राहा,” मी म्हणालो, “अंगाला सवय होते.” हे मी वाईट मनाने म्हटलं नव्हतं. माझी स्वतःची कंबर दहा वर्षं दुखत होती आणि मला तिची सवय झाली होती. जे मला जमलं ते तिला जमायला काय हरकत? ती कामावर जात राहिली. पिशव्या भरता भरता मधेच उकिडवी बसायची, पोटाशी गुडघे घेऊन. जाळीतून मला दिसायचं. मी क्षणभर बघायचो आणि पुन्हा सालीला पातं लावायचो. पानं मलूल झाली तरी मागे घ्यायचं नाही, एवढं एकच ज्ञान माझ्याजवळ होतं आणि ते मी सगळीकडे वापरत होतो.

असं एक वर्ष गेलं. पुढच्या दिवाळीनंतर तिला उभं राहवेना तेव्हा कुठे डहाणूला डॉक्टरकडे नेलं. त्याने तपासलं, फोटो काढायला लावले, ते पाहिले आणि मुंबईला न्या म्हणाला. किती दिवसांपासून दुखतंय, असं त्याने तिला विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, “झाले थोडे दिवस.” तिने मला सांभाळून घेतलं. त्या वेळी मला हायसं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

मुंबईच्या खेपा आणि तपासण्या यांत थंडी सरली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं नेमकं तेव्हाच, होळीच्या सुमारास, शेजारचा प्लॉट विकला गेला. नव्या मालकाची माणसं करवत घेऊन आली. मी भांडायला गेलो. फांद्या आमच्या बाजूला येतात त्या तोडा, खोड ठेवा, घरात आजारी माणूस आहे, असं सगळं सांगून पाहिलं. त्यातला एक बिचारा म्हणाला, “काका, आमाला सांगितलं तोडा, आमी तोडतो.” त्याचंही खरं होतं. दोन दिवस करवत चालली. बायको आत पडून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत ऊन आलं, थेट भिंतीपर्यंत. भिंतीवरचं कॅलेंडर इतकं लाल आहे हे मला तेव्हा कळलं.

आठवड्याभराने मुलगी आईला विरारला न्यायला आली. उपचार मुंबईत व्हायचे होते, तिथून जाणं-येणं सोपं. जायच्या सकाळी बायको पडवीत आली. तिच्या हातात तिचं एक जुनं हिरवं पातळ होतं, दोन्ही टोकांना सुतळी बांधलेलं. रात्री कधी बांधलं असेल कोण जाणे. “हे पश्चिमेला बांधा,” ती म्हणाली. “बारा वाजले की सोडायचं, ऊन उतरलं की वर करायचं. घरी नसाल तर सोडूनच जा. उजेड थोडा कमी झाला तरी चालेल.” मी हं म्हणालो. “नेचा मधल्या खोलीत घ्या, उत्तरेच्या खिडकीशी.” मी हं म्हणालो. पालथ्या घड्यावर पाणी. मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती, तरी बायकोने सगळ्या झाडांची पानं एकदा पुसली आणि मग निघाली.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं, आणि ते मला फार चांगलं वाटत होतं. जांभूळ काही परत उगवणार नव्हती. ही घरी येईल तेव्हा हिच्या अंगात ताकद नसेल. मग रोज पडदे कोण सोडणार, बादल्या कोण सरकवणार? त्यापेक्षा झाडांनाच उन्हाची सवय लावून टाकली तर कायमची कटकट मिटेल. ती येईल, आणि तिचा अख्खा दवाखाना भर उन्हात ठणठणीत उभा असेल. ती काय म्हणेल तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. म्हणेल, “तुमच्या हाताला गुण आहे.” पातळ घडी करून कपाटावर ठेवलं. नर्सरीतून थोडा चुना आणला, पाण्यात कालवला आणि पडवीत चार रेघा मारल्या.

पहिल्या रेघेवर कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या रेघेवर कॅलेथियाने पानांच्या सुरळ्या केल्या. मला वाटलं, शिकतोय. पीस लिली दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी पाणी घातलं की उठायची. ते बघून मला हुरूप यायचा. कामावरून आल्यावर मी आधी तिच्याकडे बघायचो. पाच-सहा दिवस ती उठली. एका दिवशी उठली नाही. मनी प्लँटच्या पानांवर पांढुरके डाग पडले, डाग वाढले, मग पानं जुन्या वर्तमानपत्रासारखी कडक झाली आणि हात लावला की मोडायला लागली. तरी मी मागे घेतलं नाही. रेघ पुढचीच असते, मागची नसते, हे मी नव्या माणसांना शिकवायचो.

विचारता आलं असतं. जाळीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने कपाळाला हात लावून दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण मी कलमवाला. मी आतल्यांना काय विचारणार?

बायकोचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आवाज खोल गेलेला. स्वतःबद्दल विचारलं की “चाललंय” म्हणायची आणि लगेच झाडांकडे वळायची. कॅलेथिया रात्री पानं मिटतो का? मी म्हणायचो, मिटतो. लिलीला फूल आलं का? मी म्हणालो, येईलसं दिसतंय. ज्या संध्याकाळी मी हे बोललो त्या संध्याकाळी लिलीची बादली माझ्यासमोर होती आणि तिच्यात फक्त तपकिरी देठ होते. मुलीने नंतर सांगितलं की त्या दिवशी आई रात्रभर उलट्या करत होती, पण फूल येणार म्हणून तिने दोनदा सांगितलं.

एप्रिल सरला तेव्हा चौथ्या रेघेवर नऊ बादल्या होत्या आणि एकही झाड नव्हतं. नेचा तेवढा वाचला होता, तोही माझ्यामुळे नाही. त्याची बादली तळाशी फुटलेली होती, उचलली की माती सांडायची, म्हणून मी आळसाने ती भिंतीच्या कोपऱ्यातून हलवलीच नव्हती. तिथेही तो अर्धा करपला होता. मी त्याला मधल्या खोलीत नेलं. मग कपाटावरचं पातळ काढलं आणि पश्चिमेला बांधलं. वरातीमागून घोडं. त्या पातळाच्या सावलीत मी नऊ मेलेल्या बादल्यांसमोर बसून राहिलो आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. झाडांची नाही. मला तिचं उकिडवं बसणं आठवलं, आणि वर्षभर मी तिला कुठल्या रेघेवरून कुठल्या रेघेवर नेत होतो ते मोजता यायला लागलं.

मे महिन्यात डॉक्टरांनी मधे आठ-दहा दिवस सोडले. तिला घरी यायचं होतं. मीच विरारला जाऊन तिला घेऊन आलो. ती इतकी हलकी झाली होती की गाडीतून उतरवताना मला जोर लावावा लागला नाही. वाटेत मी काय सांगायचं ते जुळवत होतो. यंदा ऊन फार पडलं, लोकांच्या बागासुद्धा जळल्या, असं काहीतरी. आणि मग डहाणू रोडला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की बादल्या अजून पडवीतच आहेत. सकाळच्या घाईत मी त्या हलवल्याच नव्हत्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या बांधकामाची खडी पडली होती. रिक्षा आत जाईना. तिथेच उतरलो. घर पन्नास-साठ पावलांवर, दुपारचे चार वाजत आलेले. मी बॅग उचलली, तिला म्हणालो, “तू ये सावकाश,” आणि झपाझप पुढे निघालो. पडवीत बॅग टाकली आणि बादल्या घरामागे न्यायला लागलो, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. तिला ती पन्नास पावलं चालायला इतका वेळ लागला की नऊच्या नऊ बादल्या मागे नेऊन झाल्या आणि मी घाम पुसून दारात येऊन उभा राहिलो, तरी ती यायचीच होती.

ती आली ती डोक्यावर पदर धरून. पडवीच्या खांबाला हात लावून उभी राहिली. तिने बादल्या कुठे गेल्या असं विचारलं नाही. खाली बघत होती. त्या रेघा माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या. नर्सरीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला चुन्याच्या चार रेघा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिने त्या एकेक करून बघितल्या, भिंतीपासून कडेपर्यंत.

“यंदा ऊन फार होतं,” मी म्हणालो.

“तुम्ही सगळ्यांनाच चिकू समजता,” ती म्हणाली.

रागावली असती तर मी उलट बोललो असतो, ते मला येतं. पण ती रागावली नव्हती. खूप दिवस माहीत असलेली गोष्ट शेवटी बोलून टाकावी, तसं तिने ते सांगितलं आणि आत गेली. ती झाडांबद्दल बोलली की स्वतःबद्दल, हे मी विचारलं नाही. मला ते कळलं होतं.

ते आठ-दहा दिवस ती मधल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी पडून होती आणि नेचा तिच्या उशाशी. त्याची करपलेली पानं तिने कात्रीने कापली. बोलायची ती साध्याच गोष्टी, भातात मीठ जास्त झालंय, मुलीला फोन करा. मला माफी मागायची होती. पण माफी कशाची मागायची, नऊ बादल्यांची की त्या वर्षाची, तेच ठरवता येईना, आणि ठरेपर्यंत तिची विरारला परत जायची वेळ झाली. श्रावणात ती वारली, विरारलाच. मी शेजारी होतो, एवढं तरी झालं.

तेराव्यानंतर मी नेचा झरीला तिच्या भावाकडे नेऊन दिला. माझ्या हाताखाली तो जगणार नाही अशी माझी खात्री झाली होती. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर पुन्हा कुंपणावर काय सोपवायचं? “ताईचा हाय,” एवढंच मेहुणा त्याच्या बायकोला म्हणाला आणि घरात देवाच्या कोनाड्याखाली, गारव्याला, त्याने ती फुटकी बादली ठेवली. जागा बरोबर होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नर्सरीत मी कलमं बांधत राहिलो, पण रेघा मारायचं काम दुसऱ्याला द्यायला लावलं. शेठने कारण विचारलं तेव्हा कंबर पुढे केली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली. सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. मग रोजचंच झालं. भांडी वाजायची, कौलं सरकायची. आमच्याकडे सरावलीला कमी, मला ते पडवीतलं पातळ वारा नसताना हललं की कळायचं. तलासरीकडे जास्त. तिथल्या लोकांनी घरं सोडून अंगणात संसार मांडले. भिंत अंगावर पडण्यापेक्षा थंडी बरी, ऊन बरं. होळीच्या आधी मेहुण्याचा निरोप आला की मागची भिंत फाटली आहे. मी बघायला गेलो.

नेचा त्यानंतर महिनाभरही टिकला नाही. ते आत्ताच सांगून टाकतो, उगीच कुणी पुढे आशा धरून वाचायला नको.

अंगणात सगळं घर बाहेर आलेलं होतं. खाट, भाताची कणगी, पोरांची दप्तरं, पाटावर मांडलेले देव. चार बांबूंवर निळी ताडपत्री ओढलेली, तिच्याखाली माणसं दाटीने बसलेली. आणि देवांच्या पाटाशेजारी, उघड्यावर, ती फुटकी बादली. नेच्याची पानं तांबूस होऊन खाली मान घालून होती. माझं डोकं फिरलं. मी वहिनीला, मेहुण्याच्या बायकोला, म्हणालो, “हा उन्हात कुणी ठेवला?”

“मीच काढला भावजी,” ती म्हणाली. “पोरांना काढलं, देव काढले, मग याला काढलं. आत ठेवला नि भिंत पडली तर? ताईचा हाय ना तो. रोज पाणी घालते मी.”

तिने त्याला जिवापाड जपलं होतं. भीतीने थरथरणाऱ्या घरात शिरून तिने देवांच्या मागोमाग त्याला बाहेर आणलं होतं. माझ्यासारखंच तिलाही त्याचं भलंच करायचं होतं, आणि तिच्या डोक्यात माज नव्हता, तरी झाड मरायचं ते मरतच होतं. मला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी बादली उचलून घराकडे वळलो. मेहुणा आडवा आला. “भावजी, आत नका जाऊ. भिंतीचा भरवसा नाय.” ताडपत्रीखाली जागा नव्हती, आणि तिच्याखाली धग इतकी की नेचा तिथे उकडला असता. अंगणाच्या कडेच्या सागांवर पान नव्हतं. मी चारी बाजूंना बघितलं, आणि मग बादली जमिनीवर ठेवून तिच्या पश्चिमेला उभा राहिलो, उन्हाकडे पाठ करून. माझी सावली बादलीवर पडली. नेचा पुरा तिच्यात आला.

“उन्हात काय उभे भावजी,” वहिनी म्हणाली. “इकडे बसा, पाणी घ्या.”

“बरा आहे इथं,” मी म्हणालो.

मेहुणा थोडा वेळ माझ्याकडे आणि बादलीकडे बघत राहिला. मग त्याला समजलं असावं, कारण त्याने पाण्याचा तांब्या तिथेच आणून दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. मान भाजत होती. ऊन सरकलं की मी थोडा सरकत होतो. तासभर तरी उभा असेन. मधे एकदा जमीन हलली, पोरं ओरडली, आणि मी जागचा हललो नाही.

चार वाजत आले होते, आणि तेव्हा मला आमची गल्ली आठवली. त्या दिवशीही चारच वाजत आले होते, ऊन याच बाजूने होतं. त्या वेळेला माणसाची सावली चांगली माणसाएवढी पडते. मी बायकोच्या पश्चिमेच्या अंगाने, तिच्या पावलाने चाललो असतो, तर ती पन्नास पावलं तिला सावलीतून येता आली असती. बादल्या तर मेलेल्याच होत्या.